दार लावून घे

“आवाज हाच हवाय मला,” ती मुलगी म्हणाली, आणि मी पर्स खुर्चीवर ठेवून पुढे झाले.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती दाराकडे. तिथे माझा नवरा शशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता आणि प्यायचं पाणी कुठे मिळेल म्हणून कुणाला तरी विचारत होता.

“मी?” शशी म्हणाला. “नाही हो. मी हिला सोडायला आलोय.”

“परत म्हणा.”

“काय?”

“हेच. आत्ता जसं म्हणालात तसंच.”

“मी हिला सोडायला आलोय,” शशी म्हणाला आणि कसनुसा हसून माझ्याकडे बघायला लागला.

मुलीनं डोळे मिटून ते ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वृंदाताई, चालेल ना तुम्हाला? सरांची एक छोटीशी टेस्ट घेते.”

न चालून सांगते कुणाला. तोंडभर हसून म्हटलं, “घ्या की.”

ही ऋजुता. वय तिशीच्या आतबाहेर, केस मुलासारखे कापलेले, पायात घरातल्या स्लिपर. पुण्यात एका बंगल्याच्या तळघरात तिचा स्टुडिओ होता. परदेशातल्या एका कंपनीनं कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ काढला होता, रोमन लोकांच्या लढायांचा. किल्ला सांभाळायचा, धान्य साठवायचं, फौज उभी करायची आणि शत्रू आला की डोकं लढवायचं. तो खेळ मराठीत आणायचं काम ऋजुताकडे होतं, आणि त्यातल्या पात्रांच्या आवाजासाठी तिला नाटकातली माणसं हवी होती. सांगलीत नाटकातलं माणूस कोण म्हणून विचारलं की माझं नाव निघतं. हे मी नाही सांगत, लोक सांगतात.

शशीचा आणि नाटकाचा संबंध एवढाच, की तो मला तालमीला सोडायचा आणि तालमीहून आणायचा. नोकरी दूधसंघाच्या ऑफिसात. दिवसभर फोनवर गावोगावच्या डेअऱ्यांशी बोलायचं, गाडी का उशिरा आली, दूध का नासलं. घरी आला की पेपर वाचत पडायचा. आमच्यात वाटणीच झालेली होती तशी. आवाज माझा, बाकी सगळं त्याचं. बिलं, भाजी, सिलिंडर, सासूबाईंची औषधं, सगळं. प्रयोगाला तो तिसऱ्या रांगेत बसायचा आणि लोक त्याला ‘वृंदाताईंचे मिस्टर’ म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र फार छान वाटायचं. चाळिशी उलटली, हिरॉइनच्या आईची कामं यायला लागली, तेव्हापासून तर मी ती वाटणी घट्ट धरून बसले होते. रंगमंचावर चेहरा म्हातारा दिसतो, आवाज दिसत नाही. म्हणून तर मी पुण्याला आले होते.

टेस्ट कसली आणि काय कसली. शशी काचेच्या खोलीत गेला, कागदावरची दोन वाक्यं वाचून बाहेर आला, आणि ऋजुतानं कामच देऊन टाकलं.

“कोर्वस,” ती म्हणाली. “रोमन सेनापती. अख्ख्या खेळातला सगळ्यात हरामी माणूस.”

“हरामी माणसाला याचा आवाज?” मी म्हटलं. “हा जेवताना ताक मागितल्यासारखा बोलतो.”

“म्हणूनच तर. आतापर्यंत जो आला त्यानं कोर्वस पोटातून गुरगुरत केला. पहिल्या वाक्यातच कळतं की हा दगा देणार. मग खेळणारा त्याच्या हातात घोडदळ देईल कशाला? मला असा आवाज पाहिजे, की ज्याच्यावर कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवेल.”

ठेवतेच की मी, लग्न झाल्यापासून, असं माझ्या मनात आलं. त्यात काही वेगळा अर्थ नव्हता. उलट शशीचं कौतुकच होतं थोडं.

मला काम मिळालं लिव्हियाचं. किल्लेदाराची विधवा. किल्ल्याच्या चाव्या तिच्याकडे असतात आणि खेळणाऱ्याला ती सल्ला देते. ऐकून मी खूश झाले. मग माझ्या हातात कागद आले. ‘धान्य संपत आलं आहे.’ ‘उत्तरेचा तट खचला आहे.’ ‘विहिरीचं पाणी पिऊ नका.’ ‘लाकूड कमी पडत आहे.’ नुसतं हेच, पानंच्या पानं. आणि शशीच्या वाट्याला मोजकी वाक्यं, पण एकेक असं की मी असते तर खाऊन टाकलं असतं. ‘तुझ्या बापाला मी शब्द दिलाय पोरा, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.’ हे असलं. माझ्याकडे कोठार, त्याच्याकडे गद्दारी.

जळफळाट झाला माझा. उगाच मोठेपणा कशाला दाखवू? पहिल्या दिवशी मी काचेबाहेर बसून शशीचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि प्रत्येक वाक्याला मनात खोड काढली. इथे श्वास चुकला. इथे शब्द गिळला. इथे ‘ळ’ नीट नाही. ऋजुता मात्र दर वाक्याला मान डोलावत होती. जेवायच्या सुट्टीत आम्ही आणलेलं भडंग सगळ्यांना वाटलं, तर तिनं स्वतःच्या मुठीतलं शशीच्या हातावर ओतलं आणि म्हणाली, “सर, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?”

“दूधसंघात,” शशी म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. दाढेखाली शेंगदाणा नासका आला होता, तो तसाच गिळला.

संध्याकाळी लॉजवर गेल्यावर शशी आरशासमोर उभा राहून वाक्यं म्हणायला लागला. हा माणूस आरशात दाढीपुरतं बघायचा.

“जमतंय का गं?” त्यानं विचारलं.

“ठीक आहे. सुरुवात म्हणून ठीक आहे.”

“तुला आवडत नसेल तर नाही म्हणून सांगतो उद्या.”

“मी कुठे काय म्हटलं? कर की. मिळतंय तर कर.”

“तसं नाही वृंदा. तुझ्या कामासाठी आलो आपण.”

“हो ना. आणि मी करतेच आहे की माझं. लाकूड कमी पडत आहे.”

तो हसला. मी हसले नाही. मग त्यानं शर्ट इस्त्रीला द्यायचा म्हणून हातात घेतला आणि जिन्यातूनच ओरडला, “निघालो.” शशीचं हे असंच. घरी असो की परगावी, बाहेर पडताना जिन्यात पोचल्यावर ‘निघालो’ म्हणून आवाज द्यायचा आणि माझं उत्तर ऐकायला थांबायचंही नाही. पण इस्त्रीला शर्ट? मला नवल वाटलं, आणि मग डोक्यात किडा वळवळला. कुणासाठी एवढी इस्त्री?

दुसऱ्या दिवशी मी कान सोडून डोळ्यांनी ऐकायला लागले. ऋजुता त्याच्या तोंडासमोरचा माइक सरळ करते. ऋजुता त्याला कोमट पाणी देते, मला फ्रिजमधलं. तो एखादं वाक्य चांगलं म्हणाला की ती काचेवर बोटांनी टकटक करते, आणि तो आतून लहान पोरासारखा खुलतो. माझ्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसलेला असतानाही हा माणूस कधी असा खुलला नव्हता. ती त्याच्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? हेवा काय वयाचा दाखला बघून येतो?

त्यात काम लांबलं. ऋजुता वेळापत्रक बघत म्हणाली, “सर, गुरुवारपर्यंत थांबाल? कोर्वसचा शेवट मला घाईत करायचा नाहीये.”

“गुरुवार नको,” शशी म्हणाला. तिथे आल्यापासून तो पहिल्यांदाच असा ठाम बोलला. “गुरुवारी मला सांगलीत पाहिजे.”

“फक्त एक दिवस, सर.”

“नाही जमणार.”

मीच मग तिला समजावलं. “दर गुरुवारी संध्याकाळी हा नरसोबाच्या वाडीला जातो. दत्ताचा नेम आहे त्याचा. आभाळ कोसळलं तरी चुकवत नाही.”

हे सांगताना मला फार बरं वाटलं. ऋजुताला नाही म्हणायला त्याच्याकडे काहीतरी होतं. एरवी शशीला देवाधर्माचं वेड नव्हतं, पण वाडीचा नेम त्यानं जिवापाड धरला होता. मीही येऊ का म्हणून एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, नेम ज्याचा त्याचा असतो. परत येताना न चुकता पेढे आणायचा. दत्तापुढे ऋजुता हरली म्हणून मी त्या संध्याकाळी लॉजवर दोन वाट्या आमटी जास्त प्यायले.

म्हणून मग बुधवारी सकाळीच शेवटचा प्रसंग लागला. वेशीचा प्रसंग.

तो असा. उत्तरेकडच्या टोळ्यांनी किल्ल्याला वेढा घालायला सुरुवात केलेली आहे. कोर्वस म्हणतो, वेढा पुरा पडायच्या आत मी घोडदळ घेऊन बाहेर पडतो आणि पलीकडच्या छावणीतून मदत आणतो. लिव्हिया त्याच्यासाठी वेस उघडते. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा तो दोस्त, तिच्या घरात जेवलेला. तो बाहेर पडतो आणि थेट शत्रूला जाऊन मिळतो. उजाडताना त्याच टोळ्या घेऊन परत येतो, आणि वेशीचा अडसर कुठल्या बाजूनं कच्चा आहे हे त्याला ठाऊक असतं. पण हे सगळं पुढे. वेशीत उभा असताना खेळणाऱ्याला यातलं काहीच कळता कामा नये.

आतापर्यंत आमची रेकॉर्डिंग वेगवेगळी झाली होती. या प्रसंगाला ऋजुतानं आम्हाला एकाच वेळी आत उभं केलं, समोरासमोर. मधे दोन माइक आणि दोघांच्या कानांवर हेडफोन. म्हटलं, बरं झालं. आता कळेल त्याला, समोर नट असला की काय होतं ते.

शशीनं कागद वाचला. “निरोप असावा, देवी. सूर्योदयापूर्वी मी साहाय्य घेऊन परतेन.”

“देव तुमचं रक्षण करोत, सेनापती,” मी म्हटलं. छान म्हटलं.

“परत,” ऋजुता बाहेरून म्हणाली.

परत झालं. मग परत. चार-पाचदा तरी झालं असेल. शेवटी ती दार उघडून आत आली.

“सर, चुकत नाहीये. पण खरं वाटतंय हो. म्हणजे ऐकणारीला खरंच वाटलं पाहिजे, पण आत खोटं पाहिजे. हे नुसतंच खरं आहे.”

“असलं काही सांगून येत नाही,” मी म्हटलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. अडला एकदाचा. “त्याला वर्षानुवर्षं तालीम लागते.”

शशी परत कागदाकडे बघायला लागला.

“कागद खाली ठेवा,” ऋजुता म्हणाली. “हे वाक्य मीच लिहिलंय आणि ते मेलेलं आहे. रोमन असला म्हणून काय झालं, बोलतोय मराठीच ना? मराठी माणूस उंबऱ्यात उभा राहून ‘निरोप असावा’ म्हणेल? सर, कोर्वस विसरा. तुम्ही घरातून निघताय. ही समोर उभी आहे. तुम्ही कुठे चाललाय ते हिला माहीत नाही आणि तुम्हाला ते कळू द्यायचं नाही. पण तिला दुखवायचंही नाही. कारण तिनं तुमचं काही वाईट केलेलं नाही. अशा वेळी काय म्हणाल?”

“मला नाही जमणार ते,” शशी म्हणाला.

“जमेल. शोधू नका. तोंडाला येईल ते म्हणा. आणि ताई, तुम्हीही लिहिलेलं सोडा. आपण बायका उत्तरादाखल जे म्हणतो, तेच म्हणा.”

ती बाहेर गेली. शशीनं हेडफोन काढला, तार सरळ केली, परत कानांवर चढवला. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, बावरला. मनातल्या मनात मी माझं ‘ये हं, जपून’ घोळवून ठेवलं होतं. त्याच्यापेक्षा माझं उत्तर लोकांच्या ध्यानात राहील, असं म्हणायचं ठरवलं होतं.

लाल दिवा लागला. शशीनं खाली पायांकडे बघितलं. मग किंचित मागे वळल्यासारखी मान करून म्हणाला,

“येतो गं.” आणि मग, आवाज आणखी खाली आणून, “दार लावून घे.”

हेडफोनमध्ये आवाज फार जवळून येतो. ओठ सुटल्याचा, श्वास घेतल्याचा, सगळा. ते वाक्य माझ्या कानात पडलं आणि घोळवून ठेवलेलं उत्तर मी विसरले.

कारण ते वाक्य मला पाठ होतं.

रोज जिन्यातून ‘निघालो’ म्हणून ओरडणारा माझा नवरा आठवड्यातून एकदाच उंबऱ्यापाशी थांबायचा. चप्पल घालायचा, अर्धा मागे वळायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, येतो गं, दार लावून घे. गुरुवारी संध्याकाळी. वाडीला निघताना. तेवढंच एक वाक्य तो माझ्याशी असं प्रेमानं बोलायचा, आणि ते ऐकायला मी गुरुवारी संध्याकाळची तालीम ठेवायची नाही. मी त्याचं श्रेय दत्ताला दिलं होतं. देवाला निघालाय, म्हणून आवाजात माया उतरते असं मी समजून चालले होते. मैत्रिणींना सांगितलंही होतं.

आणि आता ऋजुतानं त्याला सांगितलं होतं, जिला दुखवायचं नाही तिच्याशी खोटं बोला, शोधू नका. त्यानं शोधलं नाही. त्याच्या तोंडी तयार होतं ते.

मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. समोर कोर्वस-बिर्वस कुणी नव्हता. वाक्य तोंडातून निसटल्यावर ते कुठे जाऊन पडलं हे कळलेला दूधसंघातला माझा शशी होता, आणि तो पांढराफटक पडला होता.

दिवा लालच होता. उत्तर माझ्याकडे होतं. दर गुरुवारी मी ‘ये, आणि पेढे आण’ म्हणायची. कुणीही निघालं, वैरी निघाला तरी, आपण ‘ये’च म्हणतो.

“जा,” मी म्हटलं.

मोठ्यानं नाही म्हटलं. खोल गेलेला, कोरडा आवाज होता. असा आवाज मी आयुष्यात एकाही नाटकात लावलेला नाही.

 मग हेडफोनमध्ये ऋजुता हळूच म्हणाली, “थांबा. कुणी हलू नका. हे मी ठेवतेय.”

बाहेर आलो तेव्हा ती खुर्चीतून उठली होती. तिनं शशीकडे बघितलंच नाही. माझे दोन्ही हात धरले. “ताई, हे काय केलंत तुम्ही? मूळ खेळात लिव्हियाला काही माहीत नसतं. इथे तिला सगळं कळलंय. आणि तरी ती दार उघडते. का उघडते?”

“कोंडून ठेवून काय करणार त्याला?” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तीन दिवस मी जी नजर शशीकडे जाताना बघत होते, ती आता माझ्या वाट्याला आली होती. मला ती नको होती. या पोरीवर मी उगाच जळत होते. हेवा करायची ती बाई पुण्यात नव्हतीच.

परतीच्या वाटेवर सातारा गेलं. कऱ्हाड गेलं. पेठ नाक्याला गाडी वळली तेव्हा मी विचारलं, “गुरुवारी कुठे जातोस?”

शशीनं आरशात बघितलं, मागे काही नसताना.

“मिरजेला,” तो म्हणाला.

“वाडीला नाही?”

“नाही.”

“आणि पेढे?”

“मिरजेतही मिळतात.”

का कोण जाणे, पेढ्यांचं ऐकून मला रडू आलं. ते पेढे मी देवापुढे ठेवून मग खायची. सासूबाईंना अर्धा द्यायची, साखर आहे म्हणून.

“कोण आहे?” मी विचारलं. आणि मग माझ्याच तोंडून गेलं, “नाटकातली आहे का?”

“नाही गं. घरी शिवणकाम करते. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते.”

“माझ्याहून चांगली दिसते?”

“नाही.”

“मग काय आहे तिच्यात?”

 ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे होता, त्याच्या मागे आम्ही रखडत चाललो होतो.

“काही नाही,” तो म्हणाला. “मी जातो, बसतो. ती मशीन चालवत असते. मी बोलतो. ती मशीन थांबवते आणि ऐकते.”

“काय बोलतोस एवढं?”

“काहीही. ऑफिसातलं. लहानपणचं. कधी कधी तुझ्या नाटकातलं.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडतो असं म्हणाला असता, तर मी समजू शकले असते. शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण मला त्या बाईच्या कानांचा हेवा वाटला. पुण्यात एका परक्या मुलीनं जो आवाज पहिल्या दोन वाक्यांत ओळखला, तो या बाईनं त्याआधीच ओळखला होता, मशीन थांबवून. माझ्या घरात तो आवाज ताक मागत होता.

“तू मला सोडायला आला होतास ना,” मी म्हटलं. “सोड आता घरापर्यंत.”

खेळ पुढच्या दिवाळीत बाहेर पडला. चालला बऱ्यापैकी. आता मी सांगलीत वाचिक अभिनयाचे वर्ग घेते, आणि अजूनही एखादी नवीन मुलगी येते आणि विचारते, “मॅडम, लिव्हिया तुम्हीच ना? ते ‘जा’ कसं म्हटलंत?” मी त्यांना सांगते, श्वास सोडल्यावर बोलायचं, भरून घेऊन नाही. कोर्वस कोण होता हे कुणी विचारत नाही. खेळाच्या शेवटी नावं येतात, त्यात त्याचं नाव चुकीचं छापलंय.

पण हे सगळं नंतरचं. पुण्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

मी पुढच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. शशीनं आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आतल्या खोलीत तो बॅग भरत होता हे मला ऐकू येत होतं. कपाटाचं दार करकरतं आमचं. मी उठले नाही. तो बॅग घेऊन बाहेर आला, सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगितलं, सिलिंडरचा नंबर लावलाय म्हणाला. मग उंबऱ्यापाशी जाऊन त्यानं चप्पल घातली आणि नेहमीसारखा अर्धा मागे वळला.

माझे हात मेथीत थांबले. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. अगदी तोच श्वास, तीच मान. आणि खरं सांगते, तेव्हा त्यानं ‘येतो गं’ म्हटलं असतं, तर मी ‘ये’ म्हटलं असतं. सगळं कळून म्हटलं असतं. पेढे आण म्हणूनही सांगितलं असतं.

शशीनं तोंड मिटलं. हातातली बॅग या हातातून त्या हातात घेतली.

“जातो,” तो म्हणाला.

आमच्या घरातून असं म्हणून कधी कुणी बाहेर पडलं नव्हतं. त्याची चप्पल जिन्यात वाजत खाली गेली, मग फाटक वाजलं. दार लावून घे असं काही तो म्हणाला नाही. मांडीवरची मेथी मी बाजूला ठेवली, आणि उठून दार लावून घेतलं.